घाटाखालचं माहेर

गौताळ्याला फिरायला जायचं ठरलं आणि आत्याबाईंनी पिशवीत नारळ टाकला. आत्याबाई म्हणजे माझी सासू. डोंगरात माणूस देवाला जातं, नायतर लाकडाला. नुसतं बघायला जातं हे त्यांना पटेना. म्हटलं, "तिथं अभयारण्य हाय, देव नाय." तर म्हणतात, "मग एवढी झाडं राखली कुणासाठी?" यांच्याशी कोण डोकं लावणार!

तरी त्या आल्या, कारण माझ्या तोंडून निघून गेलं होतं की वरच्या कड्यावरून खानदेश दिसतो. घाटाखाली त्यांचं माहेर. भाऊ वारल्यापासून भाचे न्यायला मुराळी पाठवीनात, आणि बोलावल्याबिगर माहेराच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाय, हा यांचा हेका. किती संक्रांती अशाच गेल्या. नुसतं लांबून बघायला मात्र कुणाचं बोलावणं लागत नव्हतं.

आमच्या ह्यांना वाळूजच्या कंपनीतून सुट्टी होती. मित्राची जीप घेऊन आम्ही देवगाव रंगारीहून निघालो. वाटेत धबधबा बघून आत्याबाईंनी तिथंच नारळ फोडला. अर्धी वाटी वानरानं पळवली. "पावला," म्हणाल्या, अन् पुढं चालायला लागल्या.

कड्यावर पोचलो तर सगळं पांढरं. धुक्यात हात लांब केला तर बोटं दिसंनात. दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढलेल्या आत्याबाई दगडावर टेकल्या. "नशिबात नाय," एवढंच बोलल्या. हे म्हणाले, चला, उशीर होतोय. माझं डोकंच फिरलं. "गप बसा जरा," म्हटलं, "म्हातारीला उगं आणलंय का इथवर?"

बराच वेळ बसलो. मग खालून वारा आला आणि धुकं फाटलं.

माझ्या अंगावर काटा आला. पायापासून डोंगर सरळ तुटला होता. त्याच्या अंगावरून पाणी कोसळत होतं, अन् खाली, लई खाली, शेतांचे चौकोन क्षितिजापर्यंत अंथरले होते. जन्म या मुलखात गेला, पण आपली जमीन अशी एकाएकी संपते हे मला ठाऊकच नव्हतं. आपण केवढेसे, आणि घरात भांडतो किती! मला रडू आलं, कशाचं ते सांगता येणार नाय.

आत्याबाईंनी चपला काढल्या. बोट दाखवलं. "ते तळं. त्याच्या अलीकडं आमचं गाव."

मग त्यांनी माझा हात धरला.

"एवढं जवळ व्हय गं?" मग ह्यांच्याकडं वळल्या. "गाडी खाली घे."

"पण आई, बोलावलंय कुठं कुणी?"

"एवढ्या मोठ्या डोंगरानं बोलावलं," त्या म्हणाल्या, "आता भाच्यांची वाट बघत बसू का?"

ह्यांनी किल्ली काढली, आणि आम्ही घाट उतरायला लागलो.