दुफीबाईचं चाळीस मिनिटांचं भाषण

असुओसो गावात दुफीबाईला चार वाक्यं सलग बोलताना कोणी ऐकलेलं नाही, आणि भाषणाला बोलावणं आलं ते नेमकं तिलाच. तेही साधंसुधं नाही. बोलून-ऐकून मनाची दुखणी बरी करणाऱ्या जगभरातल्या डॉक्टरांची परिषद आमच्या राजधानीत, अक्रात भरणार होती आणि तिला तीन मुख्य वक्ते होते. एक स्वीडनचे प्रोफेसर, दुसऱ्या केपटाऊनच्या डॉक्टरीणबाई आणि तिसरी आमची दुफी. वय अडुसष्ट, शिक्षण चौथी, तीही अर्धवट सोडलेली. दवाखान्यातली सिस्टर टिवा पत्र घेऊन धावत आली, तेव्हा दुफीने ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि परत दिलं.

"कोणीतरी तुझी चेष्टा केलीय गं."

"चेष्टा कसली मावशी, हा शिक्का बघ. चाळीस मिनिटं बोलायचंय तुला."

"चाळीस मिनिटं? अगं, मी अख्ख्या संसारात एवढी बोलले नाही."

खोटं नव्हतं ते. दुफीचं काम बोलायचं नव्हतंच मुळी. गुरुवारी आमच्याकडे भुईला विसावा असतो, शेतात कोणी कुदळ लावत नाही, माणसं मोकळी असतात. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी ती दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली, मोडक्या बाकावर कोंतोमिरेच्या भाजीची पानं निवडत बसली होती. एक बाळंतीण आली. मूल धडधाकट होतं, पण बाईचं रडू काही थांबत नव्हतं. डॉक्टर गावाला गेलेले. ती बाकावर टेकली. दुफीने एवढंच विचारलं, "काय झालं?" आणि पानं निवडत राहिली. तीन जुड्या निवडून होईतो ती बाई बोलली, मग उठली, नळावर तोंड धुतलं आणि घरी गेली. पुढच्या गुरुवारी दोघीजणी आल्या. आता उजाडायच्या आत रांग लागते, आणि रांगेत पुरुषही असतात. फक्त ते डोकं दुखतंय असं सांगून येतात.

दुफीचे नियम दोन. ऐकलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि कोणाला बोलवायचं नाही, ज्याचं त्याने यायचं. ओढून आणलेला माणूस खोटं बोलतो असं तिचं म्हणणं. ऐकताना ती तोंडाकडे बघत नाही, पानांकडे बघते. परदेशातली एक मुलगी वही घेऊन दोन वर्षं तिच्या शेजारी बसली आणि शेवटी तिला शोध लागला, की डोळे रोखून पाहिलं नाही तर माणूस मोकळं बोलतो. आता हे आमच्या कुठल्याही आत्याने तिला एका दुपारी सांगितलं असतं. पण जाऊ दे, तिच्याच लिहिण्यामुळे हे पत्र आलं, म्हणून तिला नावं ठेवत नाही.

आता घरचं सांगतो, कारण दुफीचं खरं दुखणं तिथे होतं. तिचे यजमान बोआडू तीस वर्षं आमच्या राजाचे ओचामे होते. राजा चारचौघांत मोठ्याने बोलत नाही. तो हळूच सांगणार, ओचामे ते सजवून लोकांपर्यंत पोचवणार, आणि लोकांचं उत्तर परत राजाच्या कानी घालणार. थोरामोठ्यांशी थेट तोंड उघडणं म्हणजे उर्मटपणा. आणि बोआडूंची जीभ अशी, की राजाने "नाही" म्हटलेला माणूस घरी जाताना आपलं काम झालं असं समजून नाचत जायचा. दोन वर्षांपूर्वी जुना राजा गेला. नव्या राजाने आपला ओचामे बरोबर आणला. बोआडूंच्या हातातली ओचामेपणाची खूण, ती सोनेरी मुठीची काठी, काढून घेतली, एक दारूची बाटली हातात ठेवली आणि आभार मानले.

तेव्हापासून बोआडूंच्या तोंडी तीन शब्द उरले. हो, नाही आणि पाणी. घरात आवाज होता तो जेवणासाठी उकडलेल्या कंदांचा फुफू कांडायच्या मुसळाचा. दुफी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ पानं घेऊन बसायची, खाली बघायची, वाट पाहायची. बावीस वर्षांचा तिचा हातखंडा उपाय, तो स्वतःच्या घरात चालेना. बाजारात मिरच्यावाली एकदा म्हणालीसुद्धा, "दुफी, तुझं औषध उंबऱ्याच्या आत चालत नाही वाटतं?" दुफी हसली, मिरच्या घेतल्या आणि घरी येऊन चुलीपुढे पोटभर रडली. साऱ्या गावाला बोलतं केलं, आणि आपला माणूस आपल्याशीच बोलेना, याची तिला लाजही वाटायची आणि राग तर त्याहून यायचा.

पत्र आलं त्या संध्याकाळी तिने त्यांना विचारलं, "अहो, एवढ्या मोठ्या माणसांशी मी थेट कशी बोलू? माझे ओचामे व्हाल?"

बोआडू भिंतीकडे बघत म्हणाले, "काठी नाही."

"बरं, मग पिशवी धरायला तरी चला."

"हो," म्हणाले. टिवा आणि मीही बरोबर जाणार होतो. निघायच्या दिवशी मात्र त्यांनी ठेवणीतलं केंटेचं उंची वस्त्र नेसलं होतं, हे टिवाने बरोबर टिपलं. पिशवी धरायला केंटे कशाला लागतं, असं ती माझ्या कानात म्हणाली.

अक्रातला तो हॉल म्हणजे माशांच्या बर्फाच्या कोठारासारखा गार. आठशे माणसं, निम्म्याहून अधिक आमच्याच देशातल्या नर्सबाया, बाकीचे पाहुणे भाषांतर ऐकायला कानाला यंत्रं लावून बसलेले. गळ्यात ओळखपत्राची पट्टी घातलेली, परिषदेचं काम बघणारी एक मुलगी दुफीजवळ आली.

"दोन-तीन पेशंटच्या गोष्टी सांगा आजी, लोकांना फार आवडतात."

"त्या माझ्या नाहीत."

"नावं बदलून सांगा."

"नाव बदललं तरी रडणं त्यांचंच ना, पोरी?"

 मुलगी पाणी आणायला गेली ती गेलीच.

आधी स्वीडनच्या प्रोफेसरांचं भाषण झालं. विषय होता ऐकण्याची कला. माणूस भला होता, पण चाळीस मिनिटांची घंटा दोनदा वाजली ती काही त्यांना ऐकू आली नाही. मग दुफीचं नाव पुकारलं. ती वर गेली, माइकसमोर उभी राहिली आणि तिथेच थिजली. आठशे तोंडं समोर, सगळी तिच्याकडेच बघणारी, आणि निवडायला हातात एक पान नाही. मिनिट गेलं. दुसरं गेलं. टिवा ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणायला लागली. हिचं आता हसं होणार, आणि ते घेऊन ही गावात परत कशी येणार, या विचाराने मी खुर्चीतून अर्धा उठलो.

तेव्हा दुफी माइकपासून तोंड वळवून, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्याकडे बघत, अगदी हळू म्हणाली, "ओचामे, आहात का?"

तीस वर्षं जी हाक ऐकून माणूस उठला, ती ऐकून तो बसून कसा राहील? बोआडूंनी मांडीवरची पिशवी शेजारच्या जपानी डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली आणि उठले. वर गेले. केंटे खांद्यावरून खाली घेऊन सभेला मान दिला, मग पुन्हा नीट केलं. इकडेतिकडे पाहिलं, काठी नव्हती, म्हणून माइकचा दांडाच उचलून हातात उभा धरला. नर्सबायांत खसखस पिकली.

दुफी पुटपुटली, "मी दुफी. गुरुवारी बाकावर बसते. लोक बोलतात, मी ऐकते."

बोआडू छाती भरून बोलले, "साता समुद्रांपलीकडून आलेल्या थोर पाहुण्यांनो, असुओसोची दुफी तुम्हाला नमस्कार सांगते. ती म्हणते, आमच्या गावात एक बाक आहे. त्यावर येताना माणूस ओझं डोक्यावर घेऊन येतो आणि जाताना हात हलवत जातो. ते ओझं कुठे जातं ते तिलाच ठाऊक."

नर्सबायांनी ओरडून दाद दिली. त्या आवाजाने बोआडू ताठ झाले. दोन वर्षांत त्यांच्या तोंडावर असा उजेड मी पाहिला नव्हता.

"त्यांच्या गोष्टी मी सांगणार नाही," दुफी म्हणाली.

"ती म्हणते, पाहुण्यांनो, तिच्या घरात लोकांची ठेव आहे. दुसऱ्याच्या ठेवीतून पाहुणचार करायची आमची रीत नाही. उपाशी ठेवल्याबद्दल माफी असावी."

टाळ्या थांबेनात. प्रोफेसरही उभे राहून वाजवत होते. इथेच संपवलं असतं तरी भाषण गाजलं असतं. पण दुफी खाली बघत होती, आणि पुढचं तिच्या तोंडून निसटलंच.

"एकच गोष्ट माझी आहे. माझ्या घरात एक माणूस आहे, तो दोन वर्षं बोलत नाही. सगळ्यांचं ऐकलं, त्याचं ऐकायला मिळालं नाही. मला फार एकटं वाटतं. मी काय करू, ते या शिकलेल्या लोकांना विचारा."

 ओचामेला शब्द सजवता येतो, गिळता येत नाही. दिलेला निरोप पोचवायचाच, मग तो स्वतःच्या घरचा का असेना. बोआडूंनी दांडा घट्ट धरला आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक फूल-पान लावलं नाही. "मला फार एकटं वाटतं," हे सांगताना त्यांचा आवाज फाटला.

 मग बोआडू सभेकडे पाठ करून, राजाकडे वळावं तसे दुफीकडे वळले.

"उत्तर आणलंय."

"सांगा."

"तो माणूस म्हणतो, दर गुरुवारी तो दवाखान्याच्या भिंतीबाहेर येऊन उभा राहतो. रांग बघतो आणि परत जातो. तीस वर्षं दरबारात काढलेला माणूस बोलावल्याशिवाय कुठे पाऊल टाकत नाही. तुम्ही गावाला 'काय झालं' म्हणून विचारता. तो म्हणतो, दोन वर्षं तो घरात बसून होता. त्याला एकदाही विचारलं नाही."

दुफीला ते वर्मी लागलं. आपला नियम, आपला बावीस वर्षांचा शहाणपणा, आणि त्याच्या पलीकडे हा माणूस हाकेची वाट बघत ताटकळत उभा.

"मी तर वाट बघत होते," ती म्हणाली.

"तोही."

तेव्हा दुफीबाईने रीत सोडली. मध्ये ओचामे नाही, आडपडदा नाही. तिने बोआडूंचा हात धरला आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं, "अहो, काय झालं?"

बोआडूंनी माइकचा दांडा बाजूला ठेवला. व्यासपीठाच्या पायरीवर बसले. दुफी शेजारी बसली. आणि ते बोलायला लागले. काय बोलले ते विचारू नका, माइक लांब होता, आम्हाला कोणाला एक अक्षर ऐकू आलं नाही. घंटेवाली मुलगी घंटा हातात घेऊन नुसती उभी राहिली. चाळीसातली उरलेली सव्वीस मिनिटं आठशे माणसं त्या दोघांकडे बघत बसली, आणि एकही उठलं नाही. मध्येच केव्हातरी बोआडू काहीतरी म्हणाले आणि दुफी हसली, डोळे पुसत, चांगली खदखदून. ते मात्र अगदी मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.