बोगद्यातले दिवे चालू होते

आमच्या घरात गाडी ती चालवायची आणि रस्ता मी काढायचो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण या वाटणीत कधी बदल झाला नव्हता. मला गाडी येत नाही. पुण्यात असताना एकदा शिकायला गेलो होतो. क्लच सोडताना मी मनातल्या मनात इतका हिशेब करायचो की तोवर गाडी बंद पडलेली असायची. शिकवणारे म्हणाले, "साहेब, तुम्ही आपले बाजूला बसत जा." बायकोने हे वाक्य ऐकलं आणि पुढे आयुष्यभर वापरलं.

सिंगापूरला आल्यावर तिने इथली परीक्षा देऊन लायसन्स करून घेतलं. गाडी मात्र आम्ही कधीच घेतली नाही, कारण इथे गाडी ठेवायचा परवानाच गाडीहून महाग पडतो. मग वर्षातून तीन-चारदा भाड्याची गाडी घ्यायची आणि पूल ओलांडून मलेशियात जायचं, कधी मलाक्का तर कधी थेट इपोह. सिंगापूरची गाडी देशाबाहेर नेताना टाकी किमान पाऊण भरलेली लागते. मी निघताना काटा बघायचो, एक्स्प्रेसवेवर पुन्हा बघायचो आणि चौकीच्या अलीकडे परत एकदा.

"वाकून वाकून बघू नकोस," ती म्हणायची. "तुझ्या बघण्याने पेट्रोल वाढत नाही."

"कमी झालं तर परत पाठवतात."

"मग परत येऊ. घरच आहे ना मागे?"

युरोपात पहिल्यांदा गाडीने फिरलो तेव्हा लेक बारा वर्षांची होती. म्युनिकला गाडी घेतली आणि ऑस्ट्रियाकडे निघालो. ऑस्ट्रियाच्या हायवेसाठी आधीच पैसे भरून परवाना काढावा लागतो, स्वित्झर्लंडचा वेगळा, इटलीत नाक्यानाक्यावर टोल, फ्रान्सच्या काही शहरांत धुराचं स्टिकर. हे सगळं मी दोन महिने आधी पक्कं केलं होतं. तरी सरहद्द जवळ आली तसे मी तिघांचे पासपोर्ट काढून मांडीवर घेतले, व्हिसाच्या पानावर बोट ठेवून. सिंगापूरच्या पुलापलीकडच्या जोहोरची सवय. तिथे रांगेत दोन तास जातात आणि पासपोर्ट हातात नसेल तर मागचे हॉर्न वाजवतात. इथे निळ्या पाटीवर ताऱ्यांच्या वर्तुळात देशाचं नाव आलं आणि मागे गेलं. कुणीही थांबवलं नाही. पुढचे वीस किलोमीटर मी पासपोर्ट तसेच धरून होतो.

"ठेव आता आत," ती म्हणाली. "तुला कुणी विचारत नाहीये."

एवढी हसत होती की डोळे पुसायला तिला एकदा गाडी कडेला घ्यावी लागली.

गाडी ती फार सुरेख चालवायची. आल्प्समधल्या वळणांवर ब्रेक लागला हे पोटातलं पाणी हलून कधी कळलं नाही. मी उजवीकडे बसून तिला तीन गोष्टी सांगायचो: अंतर, लेन आणि फाटा. "आठशे मीटर, उजवी लेन, दुसरा फाटा." याहून जास्त बोललेलं तिला चालत नसे. रस्ता सांगणाऱ्या यंत्रातली बाई सांगते ते तिला पटायचं नाही. म्हणायची, ती बाई चुकली तर भांडायचं कुणाशी?

आम्ही असे तीनदा गेलो. मला सांगायचं आहे ते तिसऱ्या वेळचं.

तेव्हा लेक तेवीस वर्षांची होती आणि तिनेही नुकतंच लायसन्स घेतलं होतं. भाड्याची गाडी ठरवताना मी तिचंही नाव दुसरी चालक म्हणून घातलं. पंचविशीच्या आतल्या चालकाला जास्तीचे पैसे पडतात.

"कशाला?" बायको म्हणाली. "मी काय म्हातारी झाले?"

"असू दे. सोय म्हणून."

पहिल्याच दिवशी पार्किंगमधून निघताना उजवा आरसा खांबाला घासला. संध्याकाळी उजवं चाक फूटपाथच्या कडेला लागलं. मी म्हटलं, साहजिक आहे. आपल्याकडे आणि सिंगापुरात गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते आणि चालक उजवीकडे बसतो. इथे सगळं उलट. डाव्या रहदारीतून आलेली माणसं इथे उजवीकडे सरकतात, हे मी वाचलं होतं. तिला तसं सांगितलंही. पटण्यासारखंच होतं, तिला पटलं.

"पण मागच्या दोन्ही वेळी नाही गं सरकलीस," लेक मागून म्हणाली.

"तेव्हा तू मागे झोपलेली असायचीस."

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियातल्या एका गावात उजवीकडून सायकलवाला आला. आरामात येत होता, मला लांबूनच दिसला होता. तिलाही दिसला असणार असं मी धरून चाललो. "आई! सायकल!" लेक ओरडली आणि गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तो माणूस काचेवर टकटक करून बरंच काही बोलला आणि गेला.

"शिव्या दिल्या का रे?" तिने विचारलं.

"मला कुठे जर्मन येतं?"

"मला सूर कळला." ती हसली, पण लगेच निघाली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून उजवीकडे मान वळवून बघत राहिली. तिथे बेकरी होती. तिच्या दाराशी फुलांच्या कुंड्या होत्या.

"आला कुठून तो?" ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्वित्झर्लंडमधून इटलीकडे निघालो. मध्ये डोंगराच्या पोटातून जाणारा जवळजवळ सतरा किलोमीटरचा बोगदा आहे. एकच नळी, जाणारे आणि येणारे एकमेकांसमोर, मध्ये भिंत नाही, फक्त रंगवलेल्या रेषा. वेग ऐंशी. बाहेर लख्ख ऊन होतं, वर बर्फ चमकत होता. सिग्नलच्या रांगेत थोडा वेळ थांबलो आणि आत शिरलो.

आत शिरल्यावर ती म्हणाली, "दिवे बंद आहेत का रे?"

"नाही. चालू आहेत. दोन्ही बाजूंना, ओळीने."

"नीट बघ."

"बघितले. सगळे चालू आहेत."

तिचा अंगठा चाकावर हलत होता. तो एरवी कधी हलत नसे.

"मला पुढच्या ट्रकचे दोन लाल ठिपके दिसतायत," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

मागेही एक ट्रक होता आणि समोरून सारख्या गाड्या येत होत्या. थांब म्हणायचा मला धीर झाला नाही. लेक तिच्याच मागे, डाव्या बाजूला बसली होती. पट्टा सैल करून ती पुढे सरकली, आईच्या सीटला धरून मधल्या रेषेकडे बघू लागली.

"आई, थोडी राइट. लिटल बिट. ओके. ओके लाह, अशीच." घाईत तिच्या तोंडी सिंगापूरचं 'लाह' येतं.

उजवीकडची भिंत मी बघत होतो. "उजवीकडे जागा आहे. आहे. आता पुरे." डावीकडचं लेक सांगत होती, उजवीकडचं मी, आणि मधले दोन लाल ठिपके तिचे. भिंतीवर दोन्ही दिशांना किती अंतर उरलं ते लिहिलेलं असतं. ते आकडे मी वाचून दाखवत गेलो. एरवी मी आकडे सांगायला लागलो की ती म्हणते, पुरे. त्या दिवशी मधेच म्हणाली, "थांबू नकोस. सांगत राहा."

बाहेर पडल्यावर पहिल्याच थांब्यावर तिने गाडी नीट चौकटीत उभी केली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मान न वळवता मागे धरली.

"घे."

"आई, यू शुअर?"

"घे म्हटलं ना."

मग ती उतरली, गाडीला मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूने मागच्या सीटवर येऊन बसली आणि पट्टा लावला. बाजूचं दार ओढून घ्यायच्या आधी मला म्हणाली, "तुझे जास्तीचे पैसे वसूल झाले बघ."

लेक पुढे येऊन चाकामागे बसली.

इटलीच्या चौकीवर एक शिपाई उभा होता. मी सवयीने पासपोर्ट काढले. त्याने हाताने पुढे जा म्हणून खूण केली. मागून "ठेव आता आत" येईल म्हणून मी वाट बघितली. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मग मीच पासपोर्ट आत ठेवले.

परत आल्यावर डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि समोरची अक्षरं शेवटपर्यंत वाचता येतात, त्यामुळे चष्म्याच्या दुकानात कधी कळलं नाही. डॉक्टर बाई शांतपणे सांगत होत्या. त्या म्हणाल्या, दिसत नाही तिथे काळं दिसतं असं नाही. आजूबाजूला जे असेल त्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो. रस्त्याकडे बघितलं तर रस्ताच दिसतो, फक्त त्यावरचा माणूस दिसत नाही.

"किती वर्षं झाली असतील?" मी विचारलं.

"बरीच," त्या म्हणाल्या. मी आकडा मागितला. त्यांनी दिला नाही.

टॅक्सीत बसल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं अर्धा रस्ता मी मनानेच चालवत होते." थोड्या वेळाने म्हणाली, "बरा चालवला की."

थेंब सुरू झाले, मग एक ऑपरेशन, मग दुसरं. डोळ्यातला दाब चोवीस होता, तो बारावर आला. डॉक्टर खूश झाल्या. मीही झालो, कारण आकडा उतरला की काम झालं असं मी सगळ्या नोकरीभर मानत आलो आहे. पण गेलेली नजर परत येत नाही, आणि तिची उरलेली नजरही त्या आकड्याचं ऐकेना. आता तिला समोरचं थोडंसं दिसतं, कागदाची सुरळी करून बघावं तसं, आणि तेही दिवसागणिक धुरकट होत चाललंय.

आम्ही सिंगापूरच्या बुकित पंजांग वसाहतीत राहतो. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, गेलो की मी तिच्या उजवीकडून चालतो आणि तिला सांगत राहतो. "समोर खुर्ची. डावीकडून ट्रे घेतलेले काका येतायत, थांब. आता चल." याहून जास्त बोललेलं अजूनही चालत नाही.

यंदा मी स्लोव्हेनियाचा रस्ता काढला. ल्युब्ल्यानाहून निघून इटलीतल्या त्रिएस्तला उतरायचं, समुद्राच्या कडेने. लेक चालवेल म्हणाली. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"मी मागे बसून काय करू?" ती म्हणाली. "तुझ्यासारखी पेट्रोल बघू?"

नकाशावरचा तो रस्ता मी पुसून टाकला नाही. तो तसाच आहे.

ती मागते ती एकच सहल. रविवारी सकाळी, गर्दी नसताना, आम्ही घराजवळच्या एलआरटीत, म्हणजे वसाहतीतल्या छोट्या मेट्रोत, बसतो. या गाडीला चालक नाही. पुढची काच मोकळी असते आणि रूळ सरळ अंगावर येतात. ती सगळ्यात पुढे, खिडकीच्या कडेला बसते. लेक लहान असताना इथेच बसण्यासाठी भांडायची. गाडी वसाहतीतून गोल फिरून निघाली तिथेच परत येते. वाटेत इमारती अगदी जवळ येतात, इतक्या की कुणाच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय ते दिसावं. म्हणून तेवढ्या भागात बाजूच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात आणि इमारती मागे पडल्या की पुन्हा स्वच्छ. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही हे दाखवलं आहे.

गेल्या रविवारी इमारती आल्या, काचा पांढऱ्या झाल्या. इमारती गेल्या, काचा स्वच्छ झाल्या. बाहेर झाडं होती, पायवाट होती, वर ऊन होतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"काच अजून पांढरीच आहे ना रे?" तिने विचारलं.

मी काचेकडे बघितलं. तिच्यातून पलीकडचं प्रत्येक पान दिसत होतं.

"हो," मी म्हणालो.

"साफ झाली की सांग."

"सांगतो."

स्टेशन आलं. दारं उघडली, एक बाई भाजीची ट्रॉली घेऊन चढली, दारं मिटली. गाडी निघाली.

"झाली?"

"अजून नाही," मी म्हणालो.