वहीतलं दुसरं वाक्य

“हे तुझं वाक्य नाही.”

मॅडमनी मला मध्येच थांबवलं. सातवीचा वर्ग. मी शेवटच्या बाकाजवळ उभी. माझ्याआधी पुढच्या बाकांवरची सगळी पोरं तेच म्हणून बसली होती. मी हुशार आहे. मला हे जमणार आहे. मीही तेच म्हणायला तोंड उघडलं होतं.

मॅडम बाकापर्यंत आल्या. माझ्या बाहीचं टोक दोन बोटांनी धरलं आणि वर्गाला डाग दाखवला. “आधी हे. मग हुशारी. तुला वहीत काय लिहून दिलंय, ते म्हण.”

मी म्हटलं. “मी स्वच्छ राहीन. मी उलट बोलणार नाही.”

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

जळगावला कसलं तरी प्रशिक्षण घेऊन आल्यापासून मॅडमचं हे सुरू होतं. शाळा सुटायच्या आधी प्रत्येकाने स्वतःबद्दल चांगलं बोलायचं, आणि घरी गृहपाठाला बसण्याआधी तेच परत म्हणायचं. मन ऐकतं, असं त्या सांगत. वाक्य त्याच लिहून देत, वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईने. सगळ्यांना एक. आमच्या बौद्ध वस्तीतल्या चौघांना दुसरं.

डागाचं सांगते. माझी माय सावद्याजवळच्या केळीच्या बागेत फण्या धुवायच्या कामाला होती. घडापासून फणी कापली की चीक गळतो. लागतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतही नाही. कपडा धुतला की काळा पडतो, आणि मग कशानेही जात नाही. सुटीच्या दिवशी मी तिच्या मदतीला जायचे. धड कपडे दोनच, त्यातला एक शाळेचा; कधी तोच घालून जावं लागायचं. माय तो डाग दगडावर घासघास घासायची. सावद्यातल्या शेंबड्या पोरालाही चिकाचा डाग ओळखू येतो. मॅडमना तर येणारच. बाग त्यांच्याच सासरची होती.

मायला वाचता येत नव्हतं. पण या वाक्याचं तिला फार कौतुक. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणायची, “आधी मॅडमचं वाक्य म्हन, मंग अभ्यासाले बस.”

पहिल्या दिवशी मी वही उघडली. लाल अक्षरं बघितली. आणि खोटं वाचलं. “मी हुशार आहे. मला हे जमणार आहे.”

मायचा हात थांबला. “मॅडमनं लिहेल हाये?”

“हो.”

“तुह्याबद्दल?”

“हो.”

तव्यावरची भाकरी करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं. मग ते रोजचंच झालं. कामावरही ती पुटपुटायला लागली. केळीचं क्रेट उचलताना म्हणायची, “मले हे जमनार हाये.” बायका चिडवायच्या, आता शाळेतच नाव घाल म्हणून. ती हसायची. आणि मी, खोटं का होईना, ते म्हणून गणितांना बसायचे, तर गणितं सुटायची. मॅडमचं तेवढं खरं होतं. मन ऐकतं.

मग पालकसभा आली. प्रत्येक पालकाने पुढे येऊन आपल्या मुलाचं वाक्य वहीतून वाचायचं होतं. माय ठेवणीतली साडी नेसून आली होती. तिला बोलावणार नाहीत असं मला वाटलं. बोलावलं. मायने वही धरली, ओळीखालून बोट फिरवलं आणि खणखणीत म्हणाली, “मी हुशार आहे. मला हे जमणार आहे.” शाळेतल्या भाषेत. एकही चूक नाही.

मॅडमनी वही तिच्या हातातून घेतली. “असं कुठे लिहिलंय?” आणि खरं वाचून दाखवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मायने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बाहीकडे. मग हात जोडले. “चुकलं, मॅडम.”

तिचं काय चुकलं होतं? खोटं माझं होतं. लाल शाई त्यांची होती. हात तिने जोडले.

मी उठले. “माय चुकली नाही. हा डाग तुमच्या बागेतल्या केळीचा आहे. धुतला की काळा होतो. तुम्हाला माहीत आहे.”

मॅडम पालकांकडे वळल्या. “बघितलं? उलट बोलणार नाही, हे मी उगाच लिहिलं नव्हतं.”

लोकांनी माना हलवल्या.

घरी येताना माय एकच बोलली, “मले सांगाचं होतं वं.” त्या आठवड्यात तिचं बागेतलं काम गेलं. काम काय, दुसरीकडे मिळालं. पण त्या संध्याकाळी भाकरी थापताना तिने मला वाक्य म्हणायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुन्हा कधीच नाही. क्रेट उचलताना ती आता काय म्हणते, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

ते पान मी फाडलं नाही. आता मी जळगावला शिक्षिका व्हायचं शिकते. अभ्यासाला बसण्याआधी ते पान उघडते, लाल अक्षरं वाचते आणि मोठ्याने म्हणते, “हे माझं वाक्य नाही.” मग पेन उचलते. आधी आवाज थरथरायचा. आता थरथरत नाही.

सराव पाठासाठी शाळा निवडायची होती. मी तीच मागून घेतली, सातवीच्या वर्गासकट. मॅडम अजून तिथेच आहेत. वाक्यंही चालू आहेत, तशीच दोन. सोमवारी मी शिकवायला उभी राहीन, तेव्हा त्या निरीक्षणाला मागे बसतील. माझे गुण त्यांच्याच हातात आहेत. मी शेवटच्या बाकापासून सुरुवात करणार. एकेका पोराची वही मागणार, पहिलं पान उघडणार आणि जिथे ते दुसरं वाक्य असेल, तिथे ते मॅडमच्या डोळ्यांदेखत खोडणार. त्याखाली त्या पोराला स्वतःच्या हाताने स्वतःचं वाक्य लिहायला लावणार.

मग मॅडमनी काय गुण द्यायचे ते द्यावेत.