परडीत पडलेली चिक्की

त्या दिवसांत माझा देवावर विश्वास होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. सवयीने मी सांजवात लावत असे, सवयीने हात जोडत असे. पण जोडलेल्या हातांच्या मधल्या पोकळीत काही आहे, असे कधी जाणवले नव्हते. माझ्या यजमानांचे तसे नव्हते. दर वर्षी आश्विनातल्या नवरात्रात ते नाशिकहून सप्तशृंगी गडावर सायकलने जात आणि तिथले कुंकू आणून आमच्या घटापुढे ठेवत. लग्नापासून मी हे पाहत आले होते. त्या वर्षी मात्र घट बसले, माळ चढली, आणि ते रुग्णालयाच्या पांढऱ्या चादरीवर पडून होते. हृदयाची शस्त्रक्रिया दोन दिवसांनी सकाळी व्हायची होती. डॉक्टर धीर देत होते, पण त्यांच्या शब्दांमागे जी किंचित थांबण्याची जागा असे, तिचाच आवाज मला मोठा ऐकू येई.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, "गडाची फेरी चुकणार या वर्षी." बोलले इतकेच, आणि भिंतीकडे तोंड केले. मी म्हणाले, "मी जाते." खरे तर त्यांचे मन निवावे एवढ्यासाठीच म्हणाले. सायकल मला नवी नव्हती. रविवारी पहाटे आम्ही दोघे गंगापूर धरणापर्यंत, कधी त्र्यंबकपर्यंत जात असू. पण गड म्हणजे साठेक किलोमीटर, आणि शेवटी नांदुरीचा घाट. माझ्या नणंदबाई दवाखान्यात थांबायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही वेड्या आणि हा तुमच्याहून वेडा." यजमान मात्र उशीला टेकून बसले आणि त्यांचा स्वर एकदम नेहमीसारखा झाला.

"अगं, नीट ऐक. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, आधीच घोट घोट पाणी घ्यायचं. नुसतं पाणी ढोसू नकोस, लिंबू, साखर आणि मीठ घातलेलंच पी. घामातून मीठ जातं, ते परत आत यायला हवं. आणि भूक लागायच्या आधी खायचं. चूल विझल्यावर लाकडं सारून काय उपयोग? एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. उन्हात घाम यायचा थांबला, की सायकलवरून उतरायचं. मग काही झालं तरी पुढे जायचं नाही."

नणंदबाईंकडून त्यांनी सारे मागवून घेतले आणि स्वतःच्या हाताने पिशवी बांधली. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, केळी, आणि दोन बाटल्यांत लिंबाचे पाणी. माझा नवरात्राचा उपास, म्हणून मीठसुद्धा त्यांनी आठवणीने शेंदेलोण घातले. वर घट्ट गाठ मारली.

पहाटे मी निघाले. म्हसरूळ मागे पडले आणि रस्ता मोकळा झाला. ओल्या मातीचा, झेंडूच्या शेतांचा उग्र, हिरवा वास हवेत होता. छाटणी झालेल्या द्राक्षबागांवर फवारलेल्या मोरचुदाची निळसर झाक पसरली होती. आणि तिथे, कुठल्याशा चढावर, माझ्या मनात ती गोष्ट शिरली. केवळ सायकलने जाण्यात काय मोठेपणा? तेवढे तर यजमान दर वर्षी करतात. देवीला जर काही मागायचे असेल, आणि मला त्यांचे आयुष्य मागायचे होते, तर त्याची किंमतही तशीच द्यायला हवी. गडावर पोचेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, काही खायचे नाही. मी निर्जळी पोचले, तर उद्याची सकाळ सुखरूप जाईल. असा करार मी मनात केला आणि समोरच्या पक्षाचा होकार गृहीत धरून त्यावर सहीदेखील केली.

एकदा ही अट घातली गेल्यावर तिने माझा ताबा घेतला. दिंडोरीच्या अलीकडे गडावर पायी निघालेल्यांचे जथे भेटू लागले. अनवाणी बायका, खांद्यावर भगवे झेंडे, हातात ज्योत घेऊन धावणारी मुले. जागोजागी मांडव होते. एका मांडवातून कुणी द्रोणभर साबुदाण्याची खिचडी पुढे केली. तुपाचा आणि जिऱ्याचा वास माझ्या चेहऱ्यावर आला आणि मी मान हलवली. दुसऱ्या ठिकाणी एका म्हातारबाबांनी पाण्याचा तांब्या उंच धरला, "घे पोरी, ऊन लय हाय." मी हसून पुढे गेले. प्रत्येक नकाराने मला बळ आल्यासारखे वाटे. पिशवी कॅरिअरवर होती आणि बाटल्यांतले पाणी प्रत्येक खड्ड्यासरशी डुचमळत होते. त्या आवाजाकडे मी कान देत नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल.

आश्विनातले ऊन वैशाखाहून कपटी असते. ते सावकाश चढते. लखमापूर फाटा ओलांडला तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. मग पाय जड झाले. रस्ता सपाट असूनही चढ लागल्यासारखे वाटू लागले. डोक्यात आरतीची एकच ओळ, तीही अर्धवट, फिरत राहिली आणि तिचा पुढचा शब्द आठवेना. कानांत भुंगा. आणि एकाएकी थंडी वाजली. हातावर काटा उभा राहिला. मी मनगट पाहिले. ते कोरडे होते, मिठाची पांढरी रेघ तेवढी उमटली होती. घाम थांबला होता.

त्यांचे शब्द मला आठवले. तरी मी उतरले नाही. उतरणे म्हणजे करार मोडणे, आणि करार मोडणे म्हणजे उद्याची सकाळ गमावणे. मी आणखी काही पेडल मारली असतील. मग उजव्या पोटरीत गोळा आला, सायकल कलली, आणि रस्त्याकडेच्या बाभळीला धरून मी कशीबशी खाली बसले. डोळ्यांपुढे पिवळे ठिपके नाचत होते. मला वाटले, हरले मी. आता हे वाचणार नाहीत.

"जोगवा वाढा, ताई."

मी वर पाहिले. पन्नाशीच्या आसपासची एक बाई उभी होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात वेताची परडी. परडीत पाच घरची मागून आणलेली मूठमूठ पिठे आणि हळदीकुंकवाचे करंडे. तिचे पाय धुळीने राखाडी झाले होते.

"माझ्याकडे पीठ नाही हो," मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता.

"पीठ नाय, पण पिशवी तर फुगलीय की. काय दगडं घेऊन चाललीस गडावर?"

देवीच्या नावाने मागणाऱ्या बाईला विन्मुख पाठवू नये, एवढे संस्कार माझ्यात होते. मी पिशवीची गाठ सोडली. त्यांनी मारलेली ती गाठ सुटता सुटेना. चिक्की, केळी, खजूर, सारे तिच्या परडीत रिकामे केले. मनात कुठेतरी सुटल्यासारखेही वाटले. मोह दूर होत होता.

तिने परडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "सगळंच? जोगवा चिमूटभर घालत्यात. हे तर तू टाकून दिल्यावाणी करतीस." मग ती माझ्याशेजारी फतकल मारून बसली, एक चिक्की मोडली आणि अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. "घे."

"मला नको. माझं निर्जळी आहे."

"असू दे. पण परडीत पडलं ते आईचं झालं, आणि ते एकटीनं खायचं नसतं. सकाळपासून कोरडं पीठ तेवढं पडलंय, ते काय फाके मारू? तू घेतल्याबगर मला खाता येत नाय. भूक लागलीय बाई, माझी कशाला अडवणूक करतीस?"

तिने बाटलीकडे बोट दाखवले. "कुणासाठी धरलंस हे निर्जळी?"

"यजमानांसाठी. उद्या ऑपरेशन आहे."

"त्यांना पाणी बंद केलंय का?"

"आज रात्रीपासून करतील."

"मग दोघंबी कोरडी राहिली, तर शुद्धीवर आल्यावर त्यांच्या तोंडात पाणी कुणी घालायचं?"

तिने हे काही मोठे सांगितल्याच्या आविर्भावात विचारले नाही. हाताने माशी वारत, चिक्कीकडे डोळा ठेवून विचारले. माझ्या साऱ्या करारात मी देवी धरली होती, मृत्यू धरला होता, माझी सहनशक्ती धरली होती. उद्या दुपारी कोरड्या ओठांनी डोळे उघडणारा माणूस मात्र त्यात कुठेच नव्हता.

तिने बाटली उघडली, करंड्यातली चिमूटभर हळद आत सोडली. "आता तीर्थ झालं. तीर्थाला नाय म्हणशील?"

मी बाटली तोंडाला लावली. पहिला घोट जिभेवरच जिरला, घशापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या घोटाला चव कळली. लिंबाची आंबट तार, साखरेची सावली, मागून येणारे शेंदेलोणाचे मातकट खारेपण, आणि हळदीचा किंचित कडसर वास. "हळू," ती म्हणाली, "ओकशील." मी हळूहळू प्याले. चिक्कीचा तुकडा दातांखाली फुटला आणि राजगिऱ्याचे दाणे विरघळू लागले. तेव्हा कुठे तिने आपला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत राहिली. आम्ही दोघी तशाच बसून खात होतो. थोड्या वेळाने माझ्या कपाळावरून काहीतरी ओघळले. मी हात लावला. घाम होता. मला रडू आले.

"सायकलवर बायामाणसं म्हणजे नवलच," ती उठता उठता म्हणाली. उरलेली बहुतेक चिक्की आणि केळी तिने परत माझ्या पिशवीत घातली, खजूर मात्र ठेवून घेतले. "हे राहू दे मला. दात नाय फार." तेवढ्यात एक जथा गजर करत आला आणि ती त्यात मिसळली. तिचे नाव मी विचारले नव्हते.

मी सावलीत बराच वेळ बसले. पोटरी सैल झाली, कानांतला भुंगा गेला, आणि ती अर्धवट ओळही पूर्ण झाली. मग निघाले. वणीत दोन्ही बाटल्या भरून त्यांत लिंबू, साखर, मीठ घातले. नांदुरीला पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. एक हवालदार दुसऱ्याला म्हणाला, "जाऊ दे त्यांना, सायकलला कुठं डिझेल लागतं?" मी म्हणाले, "तिला नाही, मला लागतं," आणि त्याच्यासमोरच एक घोट घेतला. घाटात वळणावळणाला उतरले. थोडे पाणी, चिक्कीचा कपचा, चार श्वास, पुन्हा पेडल. जिथे जमेना तिथे सायकल ढकलत चालले.

देवीपुढे उभी राहिले तेव्हा माझ्याजवळ द्यायला काही उरले नव्हते. करार मोडला होता. शेंदराने माखलेली ती भव्य मूर्ती, अठरा हात, आणि किंचित एका बाजूला कललेली मान. कुणाचे तरी बोलणे ऐकत असावी तशी. मी बोललेच नाही. नुसते हात जोडले. त्या जोडलेल्या हातांना लिंबाचा आणि हळदीचा वास येत होता.

परतताना सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि संध्याकाळी दवाखान्यात पोचले. त्यांनी कुंकू मागितले नाही, दर्शन कसे झाले विचारले नाही. आधी बाटल्या हातात घेऊन हलवून पाहिल्या.

"रिकाम्या आहेत," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची घडी उलगडली. "चिक्की उरली का?" एक तुकडा उरला होता. तो मी मोडला, अर्धा त्यांना दिला. ही चिक्की कुणाकुणाच्या हातून आली, ते मी त्यांना तेव्हा सांगितले नाही.

सकाळी त्यांना आत नेले. ते दार बंद झाले, आणि माझ्या मनाने जुन्या सवयीने पुन्हा एक अट शोधायला सुरुवात केली. ते बाहेर येईपर्यंत मी असे करणार नाही, तसे करणार नाही. तेवढ्यात नणंदबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक त्यांनी माझ्यापुढे धरला. मी नको म्हणेन या भीतीने स्वतःच्या कपाला त्यांनी अजून तोंड लावले नव्हते. "वहिनी, तुम्ही घेतल्याशिवाय मला जाणार नाही," त्या म्हणाल्या.

मी कप घेतला. चहा गरम होता, आल्याचा होता. तो शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि जे होईल ते तुझ्या हाती, असे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने म्हणाले.

दुपारनंतर त्यांनी डोळे उघडले. परवानगी मिळाल्यावर त्यांच्या ओठांवर पाण्याचा पहिला चमचा मी घातला. माझा हात स्थिर होता.

आता आम्ही दोघे मिळून जातो, सावकाश, घाटात एसटीने. लखमापूर फाट्यापुढच्या त्या बाभळीखाली थांबतो. ती बाई पुन्हा दिसली नाही. ती कोण होती, असे मला कुणी विचारले तर मी सांगते, तिला भूक लागली होती. त्या झाडाखाली जो कुणी बसलेला असेल त्याला आम्ही आधी चिक्की देतो, आणि तो खाऊ लागला की मग आपली मोडतो.