चारदिवसेंचा उजवा हात

गिऱ्हाईक कपाट मागो, पलंग मागो, नाहीतर अख्ख्या दुकानाचं फर्निचर मागो, या सुताराचं उत्तर एकच असायचं: "चार दिवसांत देतो." चार दिवसांत त्यांनी कधी काही दिलं नाही. पण आलेल्या कामाला 'नाही' म्हटलेलंही कुणी ऐकलं नव्हतं, आणि केलेलं काम पुन्हा दुरुस्तीला आलं नव्हतं. कारखान्यात त्यांचं आडनावच पडलं, चारदिवसे. स्वयंपाकघरातल्या एका फळीसाठी त्यांची बायको लग्नापासून तेच उत्तर ऐकत होती. सुताराच्या घरात फळी नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेनं सांगायची.

मग एकदा फळ्यांची थप्पी अंगावर घसरली आणि त्यांचा डावा गुडघा कायमचा गेला. काम सुटलं. अपंगांची पेन्शन सुरू झाली आणि घर तिच्यावर चालू लागलं. दवाखान्यानं पायाला बांधायला लोखंडी आधार दिला होता. तो मांडीला टोचायचा, शिवाय चालताना कुरकुरायचा. ते चारदिवसेंना कसं खपावं? त्यांनी हलकं लाकूड निवडलं, पायाच्या वळणाप्रमाणे आधार कोरला, चामड्याचे पट्टे लावले. तो घालून ते चालले की माणूस लंगडा नाही, जरा रुबाबात आहे, एवढंच वाटायचं. "हा बरा चार दिवसांत झाला," बायको म्हणाली.

यंदा उजवा हात थरथरू लागला. आधी चहा बशीत सांडला, मग शर्टाचं बटण लागेना. मोठ्या दवाखान्यात निदान झालं, कंपवात. पेन्शनचा नियम साफ होता, नवा आजार निघाला तर कचेरीत कळवायचं. चारदिवसे ऐकायला तयार नव्हते.

"अहो, सांगितलं तर औषधाला थोडं वाढवून तरी देतील."

"आणि फेरतपासणी लावली तर? तो रंगारी आठवतो ना? गेला डोळ्यांचं सांगायला, तर म्हणाले, तुमची पाठ बरी दिसते, पेन्शन बंद. तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं."

"मग काय, जन्मभर हात खिशात घालून बसणार?"

बेत खरं तर तोच होता. पेन्शनची भीती होतीच, खोटी नव्हती. पण पाय गेला तेव्हा हा माणूस रडला नव्हता. पायाशिवाय सुतार असू शकतो. हात गेला हे एकदा तोंडानं म्हटलं की मग उरायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं. बायकोला हे दिसत होतं, म्हणून ती महिनाभर गप्प बसली. मग एका सकाळी तिनं रिपोर्ट पिशवीत टाकला आणि चपला दारात मांडल्या.

कचेरीतल्या कारकुनानं त्यांना सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीकडे पाठवलं. "आत नीट लंगडा हं," बायको दाराशी कुजबुजली. "नाटक नको, पण मिरवूही नका."

डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. "आधी पाय बघू. त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा."

आता, आपण केलेल्या वस्तूची कुणी परीक्षा घेतंय म्हटल्यावर सुताराच्या जातीला राहवतं का? चारदिवसे खिशात हात घालून ऐटीत भिंतीपर्यंत गेले, वळले आणि परत आले. लाकूड एकदाही वाजलं नाही. बायकोनं कपाळाला हात लावला. डॉक्टरबाईंनी लिहिलं, चाल चांगली.

"हा आधार कुठून घेतलात?"

"मीच केलाय."

त्यांनी तो डाव्या हातानं सोडून टेबलावर ठेवला. डॉक्टरबाईंनी आतल्या बाजूनं बोट फिरवून पाहिलं. "माझ्याकडे एक शाळकरी मुलगी येते. लोखंडी टोचतो म्हणून ती चालतच नाही. तिला असा एक करून द्याल?"

"चार दि..."

शब्द तिथेच राहिला. चारदिवसेंनी खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. शेजारचं पेन टकटक वाजायला लागलं.

"नाही," ते म्हणाले. "नाही जमणार बाई. हा हात आता ऐकत नाही. कंपवात निघालाय. तेच कळवायला आलो होतो."

हेच त्यांच्या तोंडून निघावं म्हणून बायकोनं इतकी धडपड केली होती, आणि आता तिला ते ऐकवेना. ती पिशवीत रिपोर्ट शोधत राहिली, रिपोर्ट वरच होता.

डॉक्टरबाईंनी आधाराशिवाय उभं राहायला सांगितलं. चारदिवसेंना टेबल धरावं लागलं. मग बाईंनी मघाचं वाक्य खोडून पाय आहे तसा लिहिला आणि त्याखाली हात. पेन्शन चालूच राहील, म्हणाल्या, आणि हाताचंही धरलं जाईल.

बायकोच्या खांद्याला धरून ते बाहेर पायरीपर्यंत आले. तिथे तिनं खाली बसून आधाराचे पट्टे बांधले. एरवी ते कुणाला हात लावू देत नसत.

"आज आयुष्यात पहिल्यांदा आलेलं काम परत पाठवलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुझी फळी राहिली गं."

ती शेवटचा पट्टा ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

"द्या की चार दिवसांत," ती म्हणाली. "मला कुठे घाई आहे."