गाऊनच्या खिशातलं वजन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. सगळी गल्ली त्याला काटेवाला म्हणते. शाळेत असताना पट्टीने रेघ मारून झाली की तो ती पुन्हा मोजून बघायचा. आजही एखादा काटा दोन ग्रॅमने चुकला, तर त्या दिवशी त्याचं जेवणात लक्ष नसतं.

त्याची बायको अगदी उलट, सगळा अंदाजाचा कारभार. "बाई, यांनी मला पसंतसुद्धा तोलून केलं असेल," म्हणते आणि स्वतःच हसते. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले, तेही जुळ्यांचे.

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "एक बाळ छान वाढतंय. दुसरं मागे पडलंय. आठ दिवसांनी पुन्हा बघू. तेव्हाही वजन वाढलेलं नसेल तर थांबता येणार नाही."

वजन म्हटल्यावर काटेवाल्याला दुसरं काही ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानातला मोठा काटा ओढत मागच्या खोलीत आणला, चारी कोपऱ्यांना पातळी लावून बघितली आणि बायकोला वर उभं केलं.

"अहो, मी काय बटाट्यांचं पोतं आहे?"

"हलू नकोस गं. काटा हलतो."

आईचं वजन म्हणजे बाळाचं वजन नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. दोन दिवस आकडा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी मी डोकावले, तर हा भिंतीकडे तोंड करून बसलेला. पुढ्यातला चहा गार झालेला. शेजारी ती लहान कपड्यांच्या दोन चळती लावत होती. एकीतले कपडे मोठे, दुसरीतले बोटभर लहान.

तिसऱ्या दिवशी आकडा दोनशे ग्रॅमने वाढला, चौथ्या दिवशी आणखी तीनशेने. काटेवाला शीळ घालत दुकान उघडू लागला. दोन खाटांना पुरेल एवढी एकच मच्छरदाणी त्याने स्वतः शिवली, ती तिरकी झाली, आणि तरीही तो हसला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पाचव्या दिवशी मी धुऊन आणलेली दुपटी द्यायला गेले, तेव्हा ती काट्यावरच उभी होती.

"किलोभर जास्त!" तो ओरडला. "बाई, कालच्यापेक्षा पूर्ण किलोभर!"

तिचा चेहरा मात्र उतरला होता. तिने माझा हात धरला आणि काट्यावरून खाली उतरली.

"अहो, रागावू नका. आज माझ्या खिशात काही नाही."

"म्हणजे?"

"परवा तुमच्या पेटीतलं दोनशेचं वजन गाऊनच्या खिशात टाकलं होतं. काल पाचशेचं. तुम्ही जेवतच नव्हता. काय करू मी? आज मात्र वाकून पेटी उघडवेना, म्हणून तशीच उभी राहिले."

मला वाटलं, आता हा चिडणार. आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे काटे पकडणारा माणूस, आणि घरातच त्याला असं फसवलेलं! पण तो क्षणभर आकड्याकडे बघत राहिला आणि मग खाली बसून त्याने तिच्या पायाला हात लावला. बोट दाबलं तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला. घोटे तर सुजेने दिसतच नव्हते. वाढलेला किलो बाळांचा नव्हता, अंगावर चढलेल्या पाण्याचा होता.

"डोकं दुखतंय का गं?" मी विचारलं.

"कालपासून. पण सांगितलं असतं तर हे पुन्हा जेवले नसते."

"तू ना," तो म्हणाला. त्याने तिच्या पायात स्वतःच्या चपला घातल्या, कारण तिच्या आता होत नव्हत्या, आणि तो रिक्षा आणायला अनवाणीच धावला.

दवाखान्यात रक्तदाब भलताच चढलेला निघाला. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "वेळेत आणलंत." दुपारच्या आत ऑपरेशन झालं. आधी मुलगा, पाठोपाठ मुलगी. मागे पडलेली तीच. तिला काचेच्या पेटीत उबेला ठेवलं. श्वास मात्र ती आपला आपण घेत होती.

संध्याकाळी बायकोला बोलण्याएवढी शुद्ध आली. "धाकटी किती भरली?" तिने पहिलं हेच विचारलं.

काटेवाला गडबडला. "नर्सबाईंनी सांगितलं होतं. ती तेव्हा रडत होती गं, केवढ्यांदा! मी विसरलो."

"तुम्ही? विसरलात?" हसताना टाके दुखले, तशी तिने पोटाशी उशी धरली. "जा, विचारून या. आणि खरं तेच सांगा."

तो गेला. बराच वेळ आला नाही, म्हणून मी बघायला गेले. नर्सबाई त्याच्यासमोरून केव्हाच निघून गेल्या होत्या, वजन विचारायचं राहूनच गेलं होतं. तो काचेला कपाळ टेकून उभा होता, आणि आत त्याची लेक एक पाय झाडत होती.