व्हर्नाचा पहिला मासा

व्हर्ना डेरागॉनच्या पायाला भिंगरी होती. आमच्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीत एकाही घरात तिने बसून कॉफी संपवलेली नाही. उभ्याने दोन घोट घ्यायचे, कप खिडकीत ठेवायचा आणि चालू पडायचं. पोरपणी तिच्या बापाने, अ‍ॅम्ब्रोझने, तिला भाल्याच्या खोपीतून हाकललं ते याच पायापायी. गोठलेल्या तळ्यावर फळ्यांची खोपी उभी करतात. आत काळामिट्ट अंधार, उजेड येतो तो बर्फाला पाडलेल्या भोकातून, खालून, हिरवा. दोरीला बांधलेला लाकडी मासा पाण्यात फिरवत दगडासारखं बसायचं. मस्की, म्हणजे आमच्या तळ्यातला दांडगा शिकारी मासा, बघायला आला तर भाला सोडायचा, नाही आला तर उद्या परत दगड. व्हर्नाचा बूट फळीवर टकटक टकटक. अ‍ॅम्ब्रोझ म्हणाला, "जा, बाहेर जाऊन नाच."

ती गेली ती होडीत जाऊन बसली. म्हणजे उभी राहिली. तिथे तिच्यासारखंच काम होतं, पाहुण्यांना मासेमारीला नेण्याचं. शिकागोहून पाहुणे यायचे मस्की धरायला, आणि मस्की काय सहज मिळतो? दिवसभर गळ फेका, ओढा, फेका, ओढा. हात गळून पडतात. त्यात हा मासा लबाड. आमिषाच्या मागे मागे होडीपर्यंत येतो, नुसता बघतो आणि वळतो. म्हणून गळ वर घ्यायच्या आधी होडीच्या कडेला काठीचं टोक पाण्यात बुडवून दोन मोठे वळसे घ्यायचे. नवखा माणूस तिथेच चुकतो, घाईने उचलतो. व्हर्ना तळ्याच्या त्या काठाला ऐकू जाईल अशी ओरडायची, "वळसा घे रे बाबा, वळसा! तुझी सासू नाहीये ती, लगेच पळायला!"

मासा लागला की पाहुणा तो छातीशी धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. यावरून माझं आणि तिचं वाजलं. याच तळ्यांवर भाला मारायचा आमचा हक्क राखायला आम्ही घाटावर उभे राहिलो, गोऱ्यांचे दगड खाल्ले, शिव्या खाल्ल्या. का? पोटासाठी, बापजाद्यांसाठी. आणि ही बाई त्याच माशाशी खेळ मांडते? मी तिला वस्तीच्या सभेत सगळ्यांसमोर विचारलं, "अन्नाशी खेळतात का गं?"

तीही कसली ऐकते! "पुढारीणबाई," म्हणाली, "तू तळ्याबद्दल बोलतेस. मी तळ्यावर असते. आणि भाल्याचं मला शिकवू नकोस, लहानपणीच भाल्याने मस्की मारलाय मी."

त्यानंतर कित्येक हिवाळे आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

मग अ‍ॅम्ब्रोझ अंथरुणाला खिळला. मार्च चालू होता, बर्फ राखाडी पडत चाललं होतं. म्हातारा काही तोंडात घेईना. जंगली तांदळाची पेज नको, हरणाचं मटण नको. मस्कीचं डोकं उकडून द्या म्हणाला. दुकानातला मासा नको, दुसऱ्याच्या फ्रीजरमधला नको. माझ्या खोपीतून, माझ्या लाकडी माशाने बोलावलेला पाहिजे. भाला मारणारे पुतणे लाकूडतोडीला लांब गेलेले. राहिली व्हर्ना.

ती रोज जायची आणि रोज रिकामी यायची. बर्फाच्या कडेला पाणी दिसायला लागलं तेव्हा मला राहवलं नाही. रुसवा गेला खड्ड्यात, बाई बुडून मेली तर? मी तळ्यावर चालत गेले आणि खोपीचं दार उघडलं.

"दार लाव! उजेड येतोय!"

"बर्फ चाललंय, व्हर्ना. ऊठ."

"लाव म्हणते ना! आत ये नाहीतर बाहेर मर."

मी आत गेले. खाली भोकात हिरवं पाणी आणि त्यात अ‍ॅम्ब्रोझचा लाकडी मासा, पत्र्याचे पर लावलेला, गोल गोल फिरत होता. व्हर्नाचा गुडघा थरथरत होता. बुटाची टाच उचलली की ती स्वतःच दाबून धरायची. मी माझा हात तिच्या मांडीवर ठेवला आणि अख्ख्या अंगाचा भार दिला. पाय थांबला.

किती वेळ गेला कोण जाणे. हिरव्यात एक लांब सावली आली आणि लाकडी माशाखाली थांबली. केवढा! दोरी धरलेला व्हर्नाचा हात थबकला. मासा नुसता बघत राहिला, मग वळला, निघालाच. खोपीत असं झालं की हात स्थिर ठेवायचा, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. पण व्हर्नाचा हात होडीत मुरलेला. तिने दोरीने पाण्यात दोन मोठे वळसे घेतले. मी मनात म्हटलं, गेला. मासा उलटा फिरला, सरळ भोकाखाली आला. भाला सुटला.

बाहेर काढला तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. तिने तळ्याला दान म्हणून चिमूटभर तंबाखू भोकात टाकली, पुटपुटली, आणि मग बर्फावर मटकन बसली. व्हर्ना बसली!

"पहिलाच आहे," म्हणाली.

"काय?"

"बहिरी आहेस का? कधीच मारला नव्हता. खोटं बोलले होते."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. आमच्यात पहिला मासा मारणाऱ्याच्या घरात शिजत नाही. अख्खा दुसऱ्याला द्यायचा. आपल्या घरच्या माणसाने त्याला बोटही लावायचं नाही.

"तुला एकटीलाच माहीत आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"बापाला तूच सांग काय ते," मी म्हटलं.

आम्ही दोघींनी तो अ‍ॅम्ब्रोझच्या खाटेशी नेला. म्हाताऱ्याने हात फिरवला, भाल्याची जखम चाचपली. डोळे कधीचे चमकले नव्हते, ते चमकले.

"कोणी मारला?"

"मी."

"कितवा?"

व्हर्नाने खिडकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. पाय हलायला लागला. एक शब्द खोटा बोलली असती तर बाप जेवला असता.

"पहिला, बाबा."

अ‍ॅम्ब्रोझने हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. "मग इथे कशाला आणलास, पोरी?"

तिने मासा उचलला आणि माझ्या छातीवर आदळला. "घे. खा. तुझ्या सभेला वाट." आणि दुसरा मारायला भाला घेऊन परत बर्फावर. मी मागून ओरडले, शिव्या घातल्या, ती थांबली नाही.

मी घरी आले. डोकं कापलं, कांदा-बटाटा घातला, उकळत ठेवलं. दर दोन मिनिटांनी खिडकीत. बर्फ तोफेसारखं वाजत होतं. मासा आता माझा होता. माझ्या घरचा पाहुणचार मी कोणाला द्यायचा ते मी ठरवणार. पातेलं फडक्यात बांधून मी अ‍ॅम्ब्रोझकडे गेले.

त्याने वास घेतला. "कोणाच्या घरचं?"

"माझ्या."

"मग वाढ."

तो जेवत होता तेव्हा व्हर्ना आली. कमरेपर्यंत भिजलेली, दात वाजत होते, हात रिकामे. खोपी बर्फासकट गेली होती, भालाही. दोरीवरचा लाकडी मासा तेवढा कोटाच्या खिशातून डोकावत होता. तिने वाडगा बघितला आणि माझ्यावर धावली.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"माझा मासा, माझी मर्जी."

"मीठ कमी आहे," अ‍ॅम्ब्रोझ म्हणाला. "हिला सभाच जमतात. पोरी, कपडे बदल आणि बस जरा."

ती कोरडं घालून आली आणि खाटेजवळच्या टेबलाशी, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. म्हातारा गालाजवळचं मांस शोधून शोधून खात होता, ती बघत होती. ताटात भाकरी होती ती तिने खाल्ली. रश्श्यात बुडवली नाही.

"बस म्हटलं ना," अ‍ॅम्ब्रोझ न बघताच म्हणाला.

"बसलेय की, बाबा!"

टकटक टकटक. मी टेबलाखाली पाय लांब केला आणि तिच्या बुटावर ठेवला.